उन्हाची बेगमी

मे महिना लागला की सगळे उन्हाला शिव्या द्यायला लागतात. रिक्षावाला देतो, भाजीवाली देते, शेजारच्या फ्लॅटमधली सून तर एसीचा रिमोट हातात धरूनच देते. मीही मान डोलावते, "हो ना, काय हे ऊन," म्हणते आणि दार लावून घेते. मनातून मात्र मला उन्हाशी वाकडं घेता येत नाही. आमच्या घरावर एका उन्हाळ्याचे उपकार आहेत. त्याच्या पाठोपाठ आलेल्या पावसाळ्याने आमचं जे केलं ते केलं, पण त्यात उन्हाचा काय दोष?

परवा राजूचा फोन आला. राजू माझा धाकटा भाऊ. घाटकोपरला आमच्या जुन्या इमारतीच्या जागी जो टॉवर उभा राहिला त्यात तो आणि आमचे वडील राहतात. "ताई, रविवारी ये. सोसायटीने टेरेसवर सोलर बसवलंय. अण्णा रोज विचारून डोकं खातात, वर कधी नेणार म्हणून. मी म्हटलं, ताई आली की जाऊ."

अण्णा आता पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत. गुडघे गेले, कान गेले, चष्म्याचा नंबर डॉक्टरांनीही सोडून दिला. पण सोलर हा शब्द त्यांना दुसऱ्या खोलीतून ऐकू येतो म्हणे.

"मला म्हणाले, नंदाला बोलव, तिला आठवत असेल," राजू म्हणाला.

न आठवायला काय झालं! मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच गॅस पेटवला. निळी ज्योत बघत उभी राहिले. चहा करायचाय की काय करायचंय, हे बराच वेळ ठरेना.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, टीव्ही रंगीत झाला होता आणि मी सहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. आमची इमारत घाटकोपर पूर्वेला, हाउसिंग बोर्डाची, चार मजल्यांची. आम्ही पहिल्या मजल्यावर. अण्णा माहुलच्या बाजूला तेल शुद्ध करणाऱ्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. संध्याकाळी ते जिन्यात असतानाच त्यांचा वास घरात यायचा. नासकं अंडं, डांबर आणि कारखान्यातला लाल साबण, असा मिळून तो वास असे. आल्या आल्या शर्ट काढून ते बाहेर गॅलरीत टांगायचे आणि मगच आईजवळ जायचे, कारण आईला दमा होता.

राजूला लहानपणी वाटे की आईच्या छातीत कुणीतरी पिपाणी ठेवली आहे. तो तिच्या मांडीवर झोपून ती पिपाणी ऐकायचा. थंडीत ती बारीक वाजे, पावसाळ्यात मोठ्याने वाजे, आणि स्टोव्ह पेटवला की कधीही वाजे. स्टोव्ह रॉकेलचा. रेशनच्या दुकानासमोर रॉकेलची रांग लागायची तेव्हा त्यात माणसं कमी आणि वस्तूच जास्त असायच्या. कुणाचा डबा, कुणाची वीट, कुणाची तुटकी चप्पल. त्यांच्यावरून भांडणंसुद्धा व्हायची, "ही वीट माझी आहे" म्हणून. इतकं करून मिळालेलं रॉकेल घरी आणलं की त्याचा धूर आईच्या छातीत जायचा.

आता कुणी विचारेल, तेलाच्या कारखान्यातल्या माणसाच्या घरी गॅस कसा नव्हता? आम्हालाही तेव्हा सगळे हेच विचारत. नंबर लावलेला होता. तो लागायला वर्षंच्या वर्षं जायची. माहुलला कारखान्याच्या उंच नळीवर दिवसरात्र ज्योत जळत असे, उरलेला गॅस जाळून टाकणारी. "तो जाळावाच लागतो, नाहीतर धोका असतो," असं अण्णा सगळ्यांना समजावून सांगत. आई पदराने डोळे पुशीत स्टोव्हला पिन मारायची आणि म्हणायची, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." अण्णांना ते लागत असे. ते गप्प बसत.

गप्प बसत ते तेवढ्यापुरतंच. बाकी तेल हा विषय निघाला की अण्णांना थांबवणं कठीण. तेल संपणार, या एका गोष्टीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. "आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमची मुलंबाळं मोठी होतील तेव्हा जमिनीत तेल उरणार नाही, मोटारी अंगणात गंजत पडतील, आणि माणसं पुन्हा उन्हाकडे, वाऱ्याकडे वळतील, असं ते रविवारी सकाळी गॅलरीत उभे राहून सांगत. ऐकायला समोर सावंतकाका. आमचे सख्खे शेजारी. मालवणकडचे. गिरणीत होते, संपात गिरणी बसली ती बसलीच. आता ते एका औषधाच्या गोदामावर रखवाली करत.

"अण्णानू," सावंतकाका तंबाखू मळता मळता म्हणायचे, "त्याल संपतला तेवा संपतला. माका एक सांगा, कापूस खंय संपलो? कापूस अजून पिकता. गिरण बंद पडली ती कापूस संपलो म्हणून नाय. पयलो माणूस संपता, मगे वस्तू."

अण्णांना हे पटत नसे. "अहो सावंत, तुमचं वेगळं, तेलाचं वेगळं."

"वेगळा काय एक नाय हां," सावंतकाका म्हणत आणि तंबाखू दाढेखाली ठेवून देत. मग वाद तिथेच संपायचा.

त्या वर्षी एप्रिलमध्ये अण्णा एक पेटी घेऊन आले. टॅक्सीतून आले, म्हणजे प्रकरण मोठं होतं, हे आम्हाला लगेच कळलं. पत्र्याची चौकोनी पेटी. आतून काळी कुळकुळीत, वर दोन काचांचं झाकण, त्यावर आणखी एक झाकण आणि त्याच्या आतल्या बाजूला आरसा. पेटीत चार चपटे डबे, तेही काळे. सूर्यचूल! सरकारी प्रदर्शनात स्वस्तात देत होते म्हणे. अण्णांचा चेहरा असा झाला होता की राजू आणि मी हसायचं विसरलो.

"यात भात होतो?" आईने विचारलं.

"भात होतो, वरण होतं, बटाटे होतात, शेंगदाणे भाजतात. रॉकेल नको, धूर नको, काही नको." मग जरा खालच्या आवाजात, "तुझी छाती सुटेल गं."

 आईने आरशात बघून कुंकू सारखं केलं. आमच्या घरात तेवढा मोठा आरसा दुसरा नव्हता.

पेटी गॅलरीत ठेवली. पण आमची गॅलरी पूर्वेची आणि समोर दुसरी इमारत. ऊन यायचं ते सकाळी थोडा वेळ, चाखायला दिल्यासारखं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तांदूळ नुसते फुगून बसले होते. मग अण्णांनी डोकं चालवलं. ऊन गच्चीवर आहे ना, तर ते आरशांनी खाली आणायचं. शेजाऱ्यांकडून दोन आरसे मागून आणून त्यांनी एक गच्चीच्या कठड्याला बांधला, दुसरा समोरच्या इमारतीच्या कठड्याला. राजू वर, अण्णा समोर, मी गॅलरीत उभी राहून ओरडत होते, "डावीकडे! अजून डावीकडे!" उन्हाचा तो तुकडा भिंतीवरून मांजरासारखा पळत होता. पळता पळता तो आमच्याच इमारतीतल्या, वरच्या मजल्यावरच्या शाहकाकूंच्या घरात शिरला.

"अरे अण्णाभाई, ये क्या मस्ती है?" शाहकाकू खिडकीत येऊन ओरडल्या. "मेरी सासू माला करती है, उसकी आंख में टॉर्च मारता है!"

सगळी इमारत हसली. आईही हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना. मग श्वास सापडल्यावर ती म्हणाली, "अहो, सूर्याला कशाला खाली ओढताय? मीच वर जाईन."

"चार मजले?"

"हळूहळू जाईन. मला कुठे गाडी पकडायची आहे?"

अण्णांना ते मुळीच पसंत नव्हतं. जिच्या श्वासासाठी चूल आणली तिलाच चुलीसाठी श्वास खर्चून वर जावं लागणार, हे त्यांना कळत होतं. पण आई एकदा ठरवलं की ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती वर गेली आणि पुढे रोज जायला लागली. सूर्यचुलीचं काम सोपं असलं तरी ती एकटी सोडता येत नाही. सूर्य सरकला की पेटी सरकवावी लागते, आरशातला उजेड बरोबर काचेवर पडतो का ते बघावं लागतं. दर वेळी खाली-वर करणं आईला झेपणारं नव्हतं. म्हणून ती सकाळी जी वर जायची ती जेवण घेऊनच खाली यायची. आमची सुट्टी. तांदूळ-डाळीचे डबे मी घ्यायचे, पाट राजू घ्यायचा. आई नुसती स्वतःला घ्यायची, तेवढं तिला पुरे होतं.

त्या जिन्याचं मला फार वाटतं. आई येते म्हणून लोकांनी प्रत्येक मजल्यावर तिच्यासाठी बसायला काहीतरी ठेवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर लाकडी स्टूल, तिसऱ्यावर गोडेतेलाचा रिकामा डबा आणि वर गोणपाट, चौथ्यावर तर एक मोडकी खुर्ची. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आई बसायची, आतून कुणीतरी "वहिनी, पाणी?" विचारायचं, ती हाताने नको म्हणायची. बोलण्यात श्वास घालवायची नाही. गच्चीचं दार आलं की मात्र ती आमच्याकडे बघून हसायची, गड सर केल्यासारखी.

मे महिन्यातली आमची गच्ची म्हणजे सगळ्या इमारतीची पावसाळ्याची बेगमी. एका कोपऱ्यात कुरडया, एकीकडे साबुदाण्याच्या पापड्या, शाहकाकूंसारख्या गुजराती बायकांचे खिचिये पापड, मधे लाल मिरच्या. सावंतकाकूंनी गावाहून आणलेली रातांब्यांची सोलं जुन्या लुगड्यावर पसरलेली असायची, त्यांना रोज आगळाचं, म्हणजे रातांब्यांच्याच रसाचं, पाणी दाखवून पुन्हा वाळत घालायच्या. कावळ्यांना हाकलायला पोरं. आणि या सगळ्यात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाटावर बसलेली आई, आणि समोर आरसा उघडून बसलेली तिची पेटी. आईला पापड लाटणं, मिरच्या कुटणं काही जमत नसे. बायका तिला आपापल्यातलं द्यायच्या. बदल्यात तिच्या पेटीत कुणाचे शेंगदाणे, कुणाचे बटाटे शिजत. शाहकाकूंनी तर एकदा ढोकळा ठेवून बघितला. फुगला नाही, पण सगळ्यांनी मिळून खाल्ला.

"वैनी, तुमी काय करतास ह्या?" सावंतकाकूंनी एकदा विचारलं. आई डोळे मिटून, गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश श्वास घेत होती.

"बेगमी करतेय," आई म्हणाली. "तुमची सोलं, यांच्या कुरडया. मी श्वास साठवते. पावसाळ्यात लागतील."

सावंतकाकू इतक्या हसल्या की हातातली सोलं सांडली. पण मला आठवतं, त्या महिन्यात पिपाणी जवळजवळ बंद होती. वर येताना तिला धाप लागायची हे खरं, पण वर बसल्यावर वारा, ऊन, धुराचं नाव नाही. चढताना गेलेलं सगळं तिला परत मिळायचं, वर थोडं जास्तच. तिचे गाल भरले होते. ती गाणं गुणगुणायची. आई गाते हे राजूला तोवर माहीतच नव्हतं.

गच्चीवरून दक्षिणेकडे माहुलची ज्योत दिसायची. दिवसा फिकट, नारिंगी. आई दर थोड्या वेळाने तिकडे बघायची. "तुमच्या अण्णांचा दिवा," म्हणायची. अण्णांनी तिला सांगून ठेवलं होतं की ज्योत मोठी झाली तर घाबरायचं नाही, आतलं नको असलेलं बाहेर सोडून देतात एवढंच. जळतेय तोवर सगळं ठीक. म्हणून ती बघायची. इकडे भात होत असायचा आणि तिकडे तिचा नवरा त्या दिव्याखाली काम करत असायचा, आणि दोन्हींवर तिचं एकाच वेळी लक्ष असायचं.

उन्हात शिजलेला भात तुम्ही खाल्लाय का? त्याला घाई नसते. दाणा न् दाणा वेगळा, पण आत मऊ. फोडणी मात्र उन्हात बसत नाही, आणि पोळ्याही होत नाहीत. त्या सावंतकाकू आपल्या घरी लाटून देत. अण्णा कामावरून आले की शर्ट टांगून पहिला प्रश्न, "आज काय काय झालं उन्हात?" आई एकेक सांगायची. अण्णा प्रत्येकाला मान हलवायचे, जणू सूर्याला मार्क देतायत. मग जेवताना पहिला घास घेऊन डोळे मिटायचे. वरण कधी कधी कच्चं राहायचं. तेही ते डोळे मिटूनच खायचे.

एका रविवारी तेही गच्चीवर येऊन बसले होते. आई म्हणाली, "तुम्ही म्हणता तेल संपणार. पण ते आलं कुठून?"

अण्णांना कुणी असं विचारलं की सणच. त्यांनी समजावून सांगितलं. फार फार पूर्वी समुद्रात बारीक बारीक जीव होते, ते उन्हावर वाढले, मेले, तळाशी गेले, दाबले गेले, आणि त्यांचं तेल झालं. "म्हणजे तेल हेसुद्धा ऊनच आहे, सुमन. जुनं, मुरलेलं ऊन. पृथ्वीने आपल्यासाठी करून ठेवलेली बेगमी. आणि आपण काय केलं? पहिल्या पावसातच सगळे डबे उघडून बसलो."

आई पेटीच्या काचेतून भाताकडे बघत होती. "तुमचं ऊन जमिनीत मुरतं. मग या पेटीतलं का नाही मुरत? आजचं थोडं काढून ठेवता आलं असतं तर जुलैत वापरलं असतं."

अण्णांनी वाकून आरसा जरा सूर्याकडे वळवला. मग म्हणाले, "तीच तर गोम आहे. मिरचीची बेगमी होते, मिठाची होते, उन्हाची होत नाही. ज्याला ते जमेल ना, तो जग जिंकेल."

त्यानंतर त्यांनी प्रयत्नही केले. एका खोक्यात भाताचं तूस भरून त्यात दगड ठेवले, दगड दिवसभर तापवून संध्याकाळी त्यावर वरणाचं भांडं ठेवलं. वरण रात्रीपर्यंत कोमट राहिलं. कोमट म्हणजे कोमटच. आई म्हणाली, "झकास आहे," आणि सगळ्यांना वाढलं. मला आज कळतं की ती दोघं त्या खोक्यासमोर कशासाठी बसायची. आकाशाच्या पश्चिम कडेला ढग यायला लागले होते.

जूनमध्ये पेटी प्लॅस्टिकात गुंडाळून टाकीमागे ठेवली. अण्णांनी तिला सुतळीच्या इतक्या गाठी मारल्या की जणू ती पळून जाणार होती. खाली घरात त्यांनी विजेची शेगडी आणली. तारेची, लाल होणारी. "ही वीज तरी कसली," ते कुरकुरले, "तिकडे चिमणीखाली तेल जाळतात, तेव्हा इकडे तुझी तार तापते." फ्यूज उडायचा, बिल बघून अण्णांचा चेहरा उतरायचा, पण धूर नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढा पावसाळा धुरापासून जपा, मग दिवाळीनंतर चिंता नाही. म्हणून स्टोव्ह माळ्यावर टाकला होता. जून गेला, जुलै गेला. ओल्या भिंती, ओले कपडे, घरभर कुबट वास, पण आई तग धरून होती. "साठवलेले पुरतायत," ती म्हणायची. आम्ही खरंच मानत होतो.

मग गणपती आले. कोकणातली माणसं गणपतीला मुंबईत सापडत नाहीत. सावंत गेले, वरचे राणे गेले, समोरचे गावडे गेले, अर्ध्या इमारतीला कुलपं. जाताना सावंतकाकू दारात घुटमळल्या होत्या. "वैनी, ह्या वर्साक नाय गेलंय तर चलात. तुमच्यासोबत ऱ्हवतंय."

"देवाला सोडून माझ्यासाठी राहणार? जा हो तुम्ही," आई म्हणाली. "येताना सोलं आणा."

त्या दिवशी दुपारपासून पाऊस असा लागला की समोरची इमारत दिसेना. रस्त्यात पाणी भरलं. संध्याकाळी लाइट गेली आणि विजेची शेगडी थंड पडली. अण्णा कारखान्यातून निघालेत की तिथेच अडकलेत, कळायला मार्ग नव्हता. आम्ही दोघं पाव खाऊन बसलो होतो, आम्हाला भूक नव्हती. आई सारखी खिडकीशी जायची. उन्हाळा असता, ती गच्चीवर असती, तर माहुलचा दिवा बघून तिचा जीव थाऱ्यावर आला असता. खिडकीतून फक्त पाणी दिसत होतं.

"चिंब भिजून येतील," ती म्हणाली. "घरात घोटभर गरम नाही."

तिने मला माळ्यावरून स्टोव्ह काढायला लावला नाही. स्वतःच स्टुलावर चढून काढला. शेजारी माणसं असती तर सावंतकाकूंकडून भाताचं पातेलं आलं असतं, कुणी हाक मारली असती. खिडकी उघडली की पाऊस आत, मिटली की धूर आत. जुनं, ओलसर रॉकेल भगभगत होतं. ज्योत काजळत होती. तिने भात केला, वरण केलं, वर फोडणी दिली. मोहरी तडतडली त्याचा आवाज मला आजही येतो. मग ती दाराशी पाटावर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, गच्चीवर बसायची तशी. पण आत श्वास येत नव्हता.

अण्णा कमरेएवढ्या पाण्यातून चिंब भिजून आले तेव्हा घरात धूर आणि वरणाचा वास होता. त्यांनी शर्ट टांगला नाही. तळमजल्यावरच्या एका भल्या माणसाने आणि अण्णांनी तिला चौथ्या मजल्यावरच्या त्या मोडक्या खुर्चीत बसवून पाण्यातून दवाखान्यात नेलं. दोन-तीन दिवस ती होती. डॉक्टरांनी त्यांच्याकडून होतं ते सगळं केलं. मग आई गेली.

सावंतकाकू परत आल्या त्या सोलांची पिशवी घेऊन सरळ आमच्या दारात. दार उघडं होतं. त्यांनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि तिथेच खाली बसल्या. सावंतकाका अण्णांच्या शेजारी गॅलरीत जाऊन उभे राहिले.  त्यांनी तंबाखूही मळली नाही.

दिवाळीनंतर गॅसचा नंबर लागला. वरातीमागून घोडं. लाल सिलिंडर घरात आला तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले, पण पेढा कुणी मागितला नाही. अण्णांनी शेगडी पेटवली, निळी ज्योत बघितली आणि बंद केली. गच्चीवर ते पुन्हा गेले नाहीत. सूर्यचुलीच्या काचेवर सावंतकाकू पुढची किती तरी वर्षं सोलं वाळवत होत्या. जिन्यातलं स्टूल, गोणपाट घातलेला डबा, हे मात्र कुणी हलवलं नाही. इमारत पाडायला काढली तेव्हा मी शेवटची गेले होते. तेव्हाही ते स्टूल दुसऱ्या मजल्यावर होतं.

अण्णांचं भाकीत खोटं ठरलं, हे सांगायला हवं. आम्ही मोठे झालो, आमची मुलं मोठी झाली, तेल काही संपलं नाही. समुद्रात सापडलं, वाळवंटात सापडलं, आणि अंगणात गंजणार होत्या त्या मोटारींना आता उभं राहायला अंगण उरलेलं नाही. आता शहाणी माणसं उलटंच म्हणतात, की तेल संपायची वाट बघू नका, आहे ते जमिनीतच राहू द्या, त्याच्या धुराने पृथ्वीचाच श्वास कोंडतोय. हे वाचते तेव्हा मला वर्तमानपत्र खाली ठेवावं लागतं. सावंतकाका बरोबर होते. पयलो माणूस संपता. आम्ही तेल किती उरलंय त्याची चिंता करत बसलो होतो, आणि आमच्या घरात जे उरलं नव्हतं ते दुसरंच होतं.

रविवारी गेले. लिफ्टने सगळे मजले काही क्षणांत मागे पडले. अण्णांना व्हीलचेअरमध्ये बसवलं होतं, डोक्यावर राजूची टोपी. गच्चीवर लख्ख ऊन, निळ्या-काळ्या पाट्यांच्या रांगा, सगळ्या दक्षिणेकडे तोंड करून. अण्णांनी कपाळावर हात धरून तिकडेच बघितलं. माहुल आता दिसत नाही, मधे टॉवरच टॉवर. तरी ते बराच वेळ बघत राहिले.

पाट्या बसवणाऱ्या कंपनीची एक तरुण मुलगी देखभालीला आली होती. चुणचुणीत, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तिने अण्णांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. अण्णांनी एकच विचारलं.

"साठतं?"

"साठतं ना आजोबा! ही बघा बॅटरी." तिने एका पांढऱ्या कपाटाकडे बोट दाखवलं. "दिवसाचं ऊन यात भरून ठेवायचं. पावसात लाइट गेली तरी लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सगळं चालू."

अण्णांनी खुर्ची पुढे घ्यायला लावली. त्या कपाटावर तळहात ठेवला. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"किती वेळ पुरतं?"

"एक रात्र," ती मुलगी जरा ओशाळून म्हणाली. "सध्या एवढंच. एका रात्रीच्या पुढे नाही."

अण्णांनी हात काढला नाही. त्यांच्या टोपीखाली मला त्यांचे डोळे दिसत नव्हते.

"एक रात्र पुरली असती," अण्णा म्हणाले.